काल्पनिक गावांचे हक्कदार

एकाच लहान गावावर एकामागून एक कादंबऱ्या निघाव्यात आणि वाचकांनी ते गाव जवळजवळ आपलेच मानावे, हा इंग्रजी वाङ्मयातला सुमारे दोनशे वर्षांचा प्रघात आहे. या कादंबऱ्यांत खून नसतात, हेर नसतात, राजवाड्यातली कारस्थाने नसतात. गावचा धर्मगुरू, शाळेतली बाई, डॉक्टर, दोनचार वयस्क अविवाहित स्त्रिया, एखादा तालेवार जमीनदार आणि सगळ्यांच्या घरातली बित्तंबातमी ठेवणारी मोलकरीण, एवढ्यांवर पुस्तकेच्या पुस्तके भरतात. समीक्षकांनी या प्रकाराला बहुधा हलके लेखले आहे. वाचकांनी मात्र त्याला कधी अंतर दिले नाही. त्यांनी लेखकांना पत्रे पाठवली, पात्रे मेली तेव्हा राग धरला, गावांचे नकाशे काढले, मूळ गाव शोधत प्रवास केले आणि काही वेळा लेखकाचा ठरलेला बेत मोडायला लावला. त्यामुळे या कादंबऱ्यांचा इतिहास लेखकांइतकाच त्यांच्या वाचकांचाही आहे.

या प्रघाताची सुरुवात कादंबरीने नव्हे, मासिकातल्या शब्दचित्रांनी झाली. मेरी रसेल मिटफर्ड (१७८७–१८५५) ही एका उधळ्या डॉक्टरची मुलगी. ती दहा वर्षांची असताना तिने निवडलेल्या लॉटरीच्या तिकिटाला २०,००० पौंडांचे बक्षीस लागले. वडिलांनी ती रक्कम यथावकाश जुगारात आणि थाटामाटात संपवली. १८२० मध्ये कुटुंबाला रेडिंगजवळच्या थ्री माइल क्रॉस या खेड्यातल्या एका लहानशा घरात येऊन राहावे लागले. घर चालवण्यासाठी मिटफर्डने त्याच खेड्याची वर्णने ‘लेडीज मॅगझिन’मध्ये लिहायला घेतली. १८२४ ते १८३२ या काळात ‘अवर व्हिलेज’ या नावाने त्यांचे पाच खंड निघाले. लंडनच्या धुरात राहणाऱ्या वाचकांना हे खेडे इतके भावले की ते पाहायला लोक थ्री माइल क्रॉसला येऊ लागले. पुस्तकातले घर कोणते, दुकान कोणते, याची चौकशी होऊ लागली. वाचक पुस्तकाच्या वाटेने गावात शिरू लागला तो इथून.

पुढचा टप्पा एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ‘क्रॅनफर्ड’चा. चेशर परगण्यातल्या नट्सफर्ड या गावी त्यांचे बालपण गेले होते, आणि क्रॅनफर्ड हे त्याचेच रूप. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात डिसेंबर १८५१ मध्ये त्याचा पहिला भाग आला. बेतलेल्या उत्पन्नात अब्रू सांभाळून राहणाऱ्या स्त्रियांचे हे गाव. मेणबत्त्या कशा वाचवायच्या आणि कापड जुने झाले तरी नीटनेटके कसे दिसायचे, हे तिथले मोठे प्रश्न. त्या गावात कॅप्टन ब्राउन नावाचा दिलदार निवृत्त अधिकारी येतो, सगळ्यांना लळा लावतो आणि एका लहान मुलाला रुळांवरून वाचवताना आगगाडीखाली सापडून मरतो. अपघाताच्या क्षणापूर्वी तो डिकन्स यांच्याच ‘पिकविक पेपर्स’चा ताजा अंक वाचण्यात गढलेला असतो. स्वतःच्या साप्ताहिकात स्वतःचे नाव नको म्हणून डिकन्सनी तिथे टॉमस हूड या दुसऱ्या लेखकाचे नाव घातले. पुस्तक निघाले तेव्हा गॅस्केलबाईंनी पुन्हा ‘पिकविक’च ठेवले.

या एका मृत्यूने लेखक आणि वाचक यांच्यातली पुढची सगळी ओढाताण आधीच दाखवून दिली. नामवंत कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी १८६५ मध्ये गॅस्केलबाईंना पत्र लिहून कळवले की पहिल्यांदा पुस्तक हाती घेतले तेव्हा कॅप्टन ब्राउन मेल्याचा आपल्याला इतका संताप आला की आपण पुढे वाचायलाच तयार झालो नाही. आईने मात्र ते पुन्हा पुन्हा वाचले होते आणि अखेर आपणही त्यात रमलो. गॅस्केलबाईंचे उत्तर मासलेवाईक होते. आपल्याला एकच लेख लिहायचा होता, म्हणून कॅप्टनला मनाविरुद्ध मारून टाकले, असे त्यांनी सांगून टाकले. वाचकांना आणि डिकन्सना आणखी हवे होते, त्यामुळे तो एक लेख मे १८५३ पर्यंत लांबत गेला. दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, त्या पुन्हा एका कथेसाठी क्रॅनफर्डला परतल्या. तोवर कॅप्टन हातचा गेला होता.

मालिकेचे खरे शास्त्र मात्र अँथनी ट्रोलप यांनी बसवले, आणि तेही ठरवून नव्हे. ट्रोलप टपालखात्यात नोकरीला होते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या खेड्यापाड्यांत टपालाची व्यवस्था लावण्यासाठी त्यांनी घोड्यावरून मैलोन्‌मैल रपेट केली. वाडे, शेते, धर्मगुरूंची घरे, त्यांच्यातले अंतर आणि आडवाटा त्यांना पाठ झाल्या. रस्त्याकडेच्या टपालपेट्या ब्रिटनच्या अमलात प्रथम चॅनल बेटांवर बसल्या, त्याही त्यांच्याच सूचनेवरून. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी सॉल्सबरीच्या कॅथेड्रलभोवती फिरत असताना त्यांना ‘द वॉर्डन’ची कल्पना सुचली. ती कादंबरी १८५५ मध्ये निघाली आणि पहिल्या दोन वर्षांत तिचे जेमतेम २० पौंड हाती आले. दोन वर्षांनी आलेल्या ‘बार्चेस्टर टॉवर्स’मध्ये तेच गाव आणि तीच माणसे परत आली. पुढे ‘डॉक्टर थॉर्न’ (१८५८), ‘फ्रॅमली पार्सनेज’, ‘द स्मॉल हाउस ॲट ॲलिंग्टन’ आणि ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’ (१८६७) अशा सहा कादंबऱ्यांतून बार्सेटशायर हा एक आख्खा परगणा उभा राहिला. त्यात कोणते गाव कोणत्या गावापासून किती मैलांवर, तिथे रेल्वे आली की नाही, खासदारकी कुणाकडे, हे सारे ट्रोलप यांच्या डोक्यात पक्के होते. कागदावर त्यांनी त्याचा नकाशाही काढून ठेवला होता.

हा परगणा घराघरांत पोचला तो मासिकामुळे. १८६० च्या जानेवारीत कादंबरीकार थॅकरे यांच्या संपादकत्वाखाली ‘कॉर्नहिल मॅगझिन’ सुरू झाले. किंमत एक शिलिंग. पहिल्या अंकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या, आणि त्या अंकाच्या अग्रभागी ‘फ्रॅमली पार्सनेज’चा पहिला हप्ता होता. त्या काळी नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. मध्यमवर्गीय माणूस ती विकत घेत नसे. मूडी यांच्या फिरत्या वाचनालयाची वर्षाची एक गिनी वर्गणी भरून एकेक खंड घरी आणत असे. शिलिंगभराच्या मासिकाने हा हिशेबच पालटला. वाचक महिनाभर पुढच्या हप्त्याची वाट पाहत बसे आणि त्या महिन्यात पात्रांविषयी घरात चर्चा चाले, जशी शेजाऱ्यांविषयी चालते. गॅस्केलबाईंनी ‘कॉर्नहिल’चे प्रकाशक जॉर्ज स्मिथ यांना लिहिले की ‘फ्रॅमली पार्सनेज’ ट्रोलपनी कायम लिहीत राहावे, ती संपण्याचे आपल्याला काही कारण दिसत नाही. कॅप्टन ब्राउनला मारून बसलेल्या लेखिकेने वाचक म्हणून हेच मागावे, यात मोठी गंमत आहे.

ट्रोलप यांच्या वाचकांचा जीव दोन ठिकाणी अडकला. एक लिली डेल. ‘ॲलिंग्टन’मधली ही तरुणी. क्रॉस्बी नावाच्या शहरी माणसाशी तिचे लग्न ठरते आणि तो तिला सोडून एका सरदारकन्येशी लग्न करतो. जॉनी ईम्स तिच्यावर लहानपणापासून जीव टाकून आहे, पण लिली त्याला नकार देते. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. लिलीचे जॉनीशी लग्न लावून द्या, अशी विनवणी करणारी पत्रे ट्रोलपना येत राहिली. ती शेवटच्या कादंबरीनंतरही थांबली नाहीत. ट्रोलपनी दाद दिली नाही. आत्मचरित्रात त्यांनी लिलीला चक्क शिष्ट म्हटले आहे, आणि पुढे असेही नोंदवले आहे की हे लग्न लावून दिले असते तर पत्रे लिहिण्याइतकी ती कुणालाच प्रिय झाली नसती. वाचकांच्या मागणीविषयी इतके नेमके निरीक्षण क्वचितच कुणी केले असेल.

दुसरी मिसेस प्राउडी. बिशपची ही बायको खरे तर स्वतःच बिशप आहे, नवरा नावाला. सहा पुस्तकांपैकी बहुतेकांत ती कुणाच्या तरी संसारात किंवा नेमणुकीत नाक खुपसते. लंडनच्या अथेनियम क्लबात एके सकाळी ट्रोलप लिहीत बसले असता दोन धर्मगुरू मासिके घेऊन शेकोटीपाशी बसले आणि ट्रोलप नावाचा लेखक तीच तीच माणसे पुन्हा कशी आणतो, यावर तोंडसुख घेऊ लागले. बोलता बोलता गाडी मिसेस प्राउडीवर आली. ट्रोलप उठले, तो अपराधी आपणच असल्याचे त्यांनी सांगितले आणि आठवडा संपायच्या आत तिला मारून टाकतो, असा शब्द दिला. शब्द पाळलाही. ‘लास्ट क्रॉनिकल’मध्ये मिसेस प्राउडी आपल्या खोलीत पलंगाच्या खांबाला हाताने विळखा घालून उभ्या उभ्याच मरते. मोलकरीण आत येते तेव्हा डोळे उघडे, देह ताठ. आयुष्यभर कुणापुढे न वाकलेल्या बाईला लेखकाने आडवे होऊ दिले नाही, ही त्याची तिला दिलेली मानवंदनाच म्हणायची. नंतर ट्रोलपना या घाईचा पश्चात्ताप झाला. तिच्याविषयी लिहिण्यात आपल्याला फार आनंद होता, अशी कबुली त्यांनी दिली आहे.

ट्रोलपनी वाचकांना आणखी एक सवय लावली, ती म्हणजे वय. त्यांच्या गावात काळ पुढे सरकतो. ‘द वॉर्डन’मधला म्हातारा हार्डिंग शेवटच्या पुस्तकात इतका थकतो की त्याचे आवडते चेलो वाद्यही त्याला वाजवता येत नाही, आणि मग तो जातो. बारा वर्षे ही पुस्तके वाचणाऱ्याचेही वय तेवढेच वाढलेले असते. एका सुट्या कादंबरीला हा परिणाम कधीच साधत नाही.

अटलांटिकपलीकडे हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील कॅव्हेंडिश या गावावरून लूसी मॉड माँटगोमरी यांनी ॲव्हनली हे गाव रचले. १९०८ मध्ये आलेल्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’च्या पहिल्या पाच महिन्यांतच १९,००० प्रती गेल्या आणि प्रकाशकाने लगेच दुसरे पुस्तक मागितले. १९३९ पर्यंत ॲनच्या गोष्टी चालू राहिल्या. लेखिका केव्हाच कंटाळली होती; वाचक नव्हते. ॲनला सांभाळणारा अबोल मॅथ्यू पहिल्याच पुस्तकात मरतो, याबद्दल लोकांनी इतके हळहळून विचारले की पुस्तक पुन्हा लिहायचे झाले तर त्याला आणखी काही वर्षे जगवीन, असे माँटगोमरींनी १९१७ मध्ये लिहून ठेवले. १९५२ मध्ये हानाको मुराओका यांचे जपानी भाषांतर निघाले आणि त्यानंतर जपानमधून कॅव्हेंडिशला येणाऱ्यांची रीघ लागली. ‘ग्रीन गेबल्स’चे मूळ असलेले ते हिरव्या त्रिकोणी छपराचे घर आता राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जपलेले आहे.

इंग्लंडात ट्रोलप मधल्या काळात मागे पडले होते. त्यांचा परगणा पुन्हा वसवला तो अँजेला थर्केल (१८९०–१९६१) यांनी. चित्रकार बर्न-जोन्स यांची ही नात. मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग हे तिच्या आईचे मावसभाऊ. ऑस्ट्रेलियातला संसार मोडून ती लहान मुलासह इंग्लंडला परतली आणि पैशासाठी लिहू लागली. १९३३ मध्ये ‘हाय रायझिंग’ आली. थोड्याच काळात तिने सरळ ट्रोलपचे बार्सेटशायर उचलले, त्याच्या जुन्या घराण्यांचे वंशज त्यात ठेवले आणि जवळपास दरवर्षी एक याप्रमाणे २९ पुस्तके लिहिली. शेवटचे अपुरे राहिले, ते सी. ए. लेजून यांनी पुरे केले. आपल्या कारखान्याची थट्टाही थर्केलने स्वतःच करून ठेवली आहे: ‘हाय रायझिंग’ची नायिका लॉरा मॉर्लंड दरवर्षी एका फॅशनगृहाच्या पार्श्वभूमीवरची तीच ती रहस्यकथा नवे नाव देऊन लिहिते आणि तिच्या वाचकांची काहीच तक्रार नसते.

थर्केलचे वाचक बहुतांशी वर्गणीच्या वाचनालयांतले. औषधांच्या बूट्स दुकानांतच वाचनालय असे. खोकल्याचे औषध घ्यायला गेलेली गृहिणी येताना कादंबरीही बदलून आणी. १९३९ नंतर या वाचकवर्गाला गावाची गरज जास्तच भासू लागली. बाँबवर्षावाच्या काळात ट्रोलप यांच्या जुन्या कादंबऱ्यांना एकाएकी मागणी आली आणि तळघरातल्या आसऱ्यांत त्या वाचल्या जाऊ लागल्या. थर्केलने युद्धालाच गावात आणले. शिधापत्रिका, शहरातून पाठवलेली मुले, खिडक्यांचे काळे पडदे आणि आघाडीवरून पत्र न आलेल्या आया, हे तिच्या १९४० ते १९४५ मधल्या पुस्तकांत भरपूर आहे. ही तिची सर्वांत चांगली पुस्तके. बाहेर घडते आहे तेच आत घडते, फक्त ते ओळखीच्या माणसांना घडते, म्हणून सोसवते.

युद्ध संपले, मजूर पक्ष निवडून आला आणि थर्केलचा सूर बिघडला. मोठी घरे परवडेनाशी झाली, नोकर मिळेनात, कर वाढले. बार्सेटशायरची सारी माणसे सरकारच्या नावाने बोटे मोडू लागली आणि पानेच्या पाने या कुरकुरीत जाऊ लागली. तिच्या चाहत्यांतही यावरून आजतागायत दोन तट आहेत: एकाला त्या काळाची नोंद म्हणून ही पुस्तके मोलाची वाटतात, दुसरा युद्धाशी येऊन थांबतो. दुसऱ्या तटाचे म्हणणे अधिक पटण्यासारखे आहे. गावाने जगाची दुःखे पचवावीत ही वाचकाची अपेक्षा असते. गावानेच वर्षानुवर्षे रुसून बसावे ही नसते.

थर्केलचे प्रकाशक हॅमिश हॅमिल्टन. याच प्रकाशकाने १९३५ मध्ये ग्रेअम ग्रीन यांच्या शिफारशीवरून म्हैसूरच्या एका अपरिचित तरुणाची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही कादंबरी काढली. आर. के. नारायण यांनी १९३० च्या सप्टेंबरात आजीने काढून दिलेल्या मुहूर्तावर कोरी वही उघडली, तेव्हा मनात आले ते एक छोटे रेल्वे स्टेशन आणि त्याचे नाव मालगुडी. साठ वर्षे ते गाव त्यांच्या पुस्तकांत राहिले. अमेरिकेतल्या एका अभ्यासकाने बार्सेटशायरच्या धर्तीवर मालगुडीचाही नकाशा काढला. मराठी घरांत हे गाव पोचले ते मुख्यतः दूरदर्शनमुळे: शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे इथे चित्रित केलेली मालिका आणि तिच्यासाठी नारायणांचे धाकटे भाऊ, मुंबईचे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण, यांनी काढलेली चित्रे. मालगुडी उबदार आहेच, पण तिथली माणसे ट्रोलपच्या माणसांसारखी एका पुस्तकातून दुसऱ्यात फारशी जात नाहीत. गाव तेच, रहिवासी नवे. वाचकाचा लोभ इथे माणसांपेक्षा सरयू नदीच्या काठावर, मार्केट रोडवर आणि अल्बर्ट मिशन शाळेवर जडतो.

युद्धानंतरच्या इंग्लंडात थर्केलला जे जमले नाही ते एका शाळामास्तरणीने केले. डोरा सेंट (१९१३–२०१२) ‘पंच’ साप्ताहिकात आणि शिक्षणविषयक नियतकालिकांत लिहीत असे. १९५५ मध्ये तिचे ‘व्हिलेज स्कूल’ निघाले, ‘मिस रीड’ या नावाने. रीड हे तिच्या आईचे माहेरचे आडनाव. कथा सांगणारी मुख्याध्यापिकाही मिस रीडच, त्यामुळे फेअरेकर हे गाव, तिथली दोन वर्गांची शाळा आणि ही बाई खरोखरच कुठेतरी आहेत, असे असंख्य वाचकांनी धरून चालले. फेअरेकरची वीस पुस्तके झाली, थ्रश ग्रीन या दुसऱ्या गावाची त्याशिवाय. ऑक्सफर्डशायरमधल्या विटनीजवळचे वुड ग्रीन हे थ्रश ग्रीनचे मूळ.

मिस रीडची हातोटी कळायला मिसेस प्रिंगल पुरे. ही शाळेची झाडलोट करणारी बाई. वर्गात कोळशाच्या दोन लोखंडी शेगड्या आहेत. त्यांना काळे पॉलिश लावून चकचकीत करणे हा तिचा धर्म आणि त्या पेटवाव्या लागणे हा तिच्यावरचा अन्याय. थंडी पडली, मुख्याध्यापिकेने शेगडी पेटवायला सांगितले, की मिसेस प्रिंगलचा दुखरा पाय लगेच भडकतो आणि ती लंगडत, निःश्वास सोडत, बादल्यांचा खणखणाट करीत सगळ्या शाळेला आपले दुःख ऐकवते. चाळीस वर्षे हा पाय भडकत राहिला. वाचकाला तो भडकणार हे पानभर आधी कळते आणि तरी, किंवा म्हणूनच, त्याला हसू येते. शेजाऱ्याच्या खोडीवर माणूस असेच हसतो.

या हसण्याखाली मिस रीडने एक भीती सतत तेवत ठेवली. ‘स्टॉर्म इन द व्हिलेज’ (१९५८) मध्ये अणुशक्ती केंद्राच्या कामगारांसाठी फेअरेकरच्या शेतांवर वसाहत बांधण्याचा घाट घातला जातो. ‘व्हिलेज अफेअर्स’ (१९७७) मध्ये पट कमी म्हणून शाळाच बंद करण्याची भाषा सुरू होते. हे कल्पनेतले संकट नव्हते. त्या दशकांत इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या लहान शाळा खरोखरच एकामागून एक बंद पडत होत्या, आणि फेअरेकरची शाळा टिकते की नाही हे वाचक श्वास रोखून पाहत होते. शाळा टिकली. माणसे टिकली नाहीत. ‘चेंजेस ॲट फेअरेकर’ (१९९१) मध्ये शाळेची जुनी शिक्षिका, वृद्ध मिस क्लेअर वारते, नंतर मुख्याध्यापिकेची प्रकृती ढासळते आणि ‘अ पीसफुल रिटायरमेंट’ (१९९६) या नावानेच मालिका संपते. तोवर या पुस्तकांचा मोठा वाचकवर्ग अमेरिकेत तयार झाला होता. आयर्लंडची गायिका एन्या हिच्या दोन रचनांना मिस रीडच्या पुस्तकांची नावे आहेत, ही चाहतेपणाची आडवळणाची नोंद.

अमेरिकेतल्या अशाच एका गावाचे पुस्तक १९९४ मध्ये निघाले. जॅन कॅरन ही जाहिरात व्यवसायातली बाई पन्नाशीत नोकरी सोडून उत्तर कॅरोलायनातल्या ब्लोइंग रॉक या डोंगराळ गावी राहायला गेली. तिथल्या ‘ब्लोइंग रॉकेट’ या साप्ताहिकात तिने मिटफर्ड नावाच्या गावाची गोष्ट क्रमशः लिहायला घेतली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीची ‘कॉर्नहिल’ची रीत पुन्हा आली, फक्त वाचक हजारांत होते. ‘ॲट होम इन मिटफर्ड’ आधी एका लहान ख्रिस्ती प्रकाशनाने काढले. रॅली शहरातल्या एका स्वतंत्र पुस्तकविक्रेतीला ते आवडले, तिने ते पुढे पोचवले आणि १९९६ मध्ये पेंग्विनने मालिका हाती घेतली. नायक फादर टिम साठीचा, अविवाहित, मधुमेही एपिस्कोपल धर्मगुरू. त्याच्याकडे एक अवाढव्य कुत्रा येतो, जो बायबलची वचने ऐकली की शांत होतो. मग डूली नावाचा उपेक्षित मुलगा येतो, आणि शेजारी राहायला आलेली सिंथिया.

मिटफर्डच्या वाचकांचे प्रेम स्वयंपाकघरापर्यंत गेले. गावातल्या एस्थर बोलिकचा ऑरेंज मार्मलेड केक कथेत इतका गाजतो की पथ्य मोडून तो खाल्ल्याने फादर टिम बेशुद्ध पडतात. वाचकांनी केकची कृती मागून मागून पिच्छा पुरवला. २००४ मध्ये मिटफर्डचे पाकपुस्तकच काढावे लागले आणि त्यात ती कृती आली. ज्या केकने नायकाचा जीव धोक्यात आला तोच करून पाहण्याची ही हौस समीक्षकाला चमत्कारिक वाटेल. पण काल्पनिक गावातली घरे पाहता येत नाहीत, केक मात्र खाता येतो. हडसन या गावी, कॅरनच्या बालपणाच्या परिसरात, मिटफर्डचे संग्रहालयही उभे राहिले.

आक्षेपही जुनेच निघाले. ही गावे फार गोड आहेत, इथे गरिबी सोयीपुरती येते, परका माणूस क्वचितच दिसतो, धर्माचा मारा होतो. यातल्या गोडपणाच्या आरोपात तथ्य आहे, पण निम्मेच. फादर टिमला निवृत्तीनंतर नैराश्य गाठते, डूलीची भावंडे दारूबाज आईने वाटेल तिथे टाकून दिलेली असतात, आणि त्यांना एकेक करून शोधण्यात कित्येक पुस्तके जातात. परक्याच्या अनुपस्थितीचा आरोप मात्र टिकणारा आहे, ट्रोलपपासून कॅरनपर्यंत सर्वांवर. ज्यांची गावे खरोखर उद्ध्वस्त झाली, त्यांना या मालिकांत घर मिळालेले नाही.

वाचकांच्या मनातले गाव किती पक्के असते हे २०१७ मध्ये दिसले. हॉलमार्क वाहिनीने पहिल्या पुस्तकावर चित्रपट काढला तेव्हा टक्कल पडलेल्या, साठीच्या, स्थूल फादर टिमच्या जागी एक देखणा मध्यमवयीन नट आला. चाहत्यांची खप्पामर्जी झाली. त्यांचा माणूस त्यांनी वीस वर्षे पाहिलेला होता.

कॅरनने २००५ मध्ये ‘लाइट फ्रॉम हेवन’ लिहून मिटफर्डचा निरोप घेतला होता. नंतरच्या दोन पुस्तकांत तिने फादर टिमला मिसिसिपीला आणि आयर्लंडला पाठवले. वाचक तिथे त्याच्याबरोबर गेले, पण गावाची मागणी थांबेना. अखेर २०१४ मध्ये ‘समव्हेअर सेफ विथ समबडी गुड’ घेऊन ती परत मिटफर्डला आली, २०१५ मध्ये डूलीचे लग्न लावले आणि २०१७ मध्ये आणखी एक पुस्तक दिले. लिली डेलच्या बाबतीत ट्रोलपकडून जे वाचकांना मिळाले नव्हते, ते दीडशे वर्षांनी त्यांनी कॅरनकडून मिळवले.